इंजिन ओरडतंय, पण बोट सरकत नाही

आजचा प्रश्न खापरखेड्याच्या एका श्रोत्याचा आहे. रबरी बोट, मागे ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर. तो लिहितो, "थ्रॉटल पिळला की इंजिन जोरात ओरडते, पण बोट काही समोर जात नाही. भाऊ, पंखा बदलू का?"

थांब रे बाबा, आधी तपासू.

तुम्ही म्हणाल, खापरखेड्यात बोट कशाला? तिथे तर वीज केंद्र. पण कोलार, कन्हान, पेंच या नद्या त्याच भागात एकमेकींना भेटतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पेंचच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि कामठी, पारशिवनी, मौदा भागातल्या गावांत पाणी शिरलं, हे तिथल्या पोरांना सांगायची गरज नाही. तेव्हा माणसं बोटीनंच काढावी लागली. बोट प्रवाहात अडली तर ती हवी तिकडे जात नाही, नदी नेईल तिकडे जाते. म्हणून हा प्रश्न फक्त खिंडसीला सुट्टीत बोटिंग करणाऱ्यांचा नाही.

आता स्लिप म्हणजे काय? लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पंख्याचंही तसंच असतं, त्या अंतराला पिच म्हणतात. १२ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात १२ इंच पुढे. पण पाणी लाकूड नाही, ते मागे सरकतं. हिशोबातला वेग आणि खरा वेग यांच्यातला फरक म्हणजे स्लिप. ती शून्य कधीच नसते, कारण पाणी मागे ढकलल्याशिवाय बोट पुढे जाणारच कशी?

हिशोब सोपा आहे, मोबाइलवर होतो. आरपीएम गुणिले पिच इंचात, भागिले गिअर रेशो, भागिले ६५६. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. समजा ५००० आरपीएम, पिच १२, रेशो २. आले साधारण ४५.७. जीपीएस ३८ दाखवतंय, म्हणजे स्लिप सुमारे १७ टक्के. हलक्या, पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीला हे ठीकच. पण इंजिन ५६०० ला गेलं आणि वेग ३१ वर आला, तर स्लिप झाली जवळपास ४० टक्के. मग शोध सुरू करायचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जीपीएस जमिनीच्या हिशोबानं वेग सांगतं. नदीत मोजत असाल तर त्याच आरपीएमवर एकदा प्रवाहाच्या दिशेनं, एकदा उलट जा आणि सरासरी घ्या. लहान मोटरला आरपीएमचा काटा नसतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो लावा.

पहिला संशय पंख्याच्या आतल्या रबरी बुशवर. दगड लागला तर गिअर वाचावा म्हणून तो दिलेला असतो. तो सुटला की हळू चालवताना सगळं बरं वाटतं, जोर दिला की आतला भाग फिरतो आणि पाती मागे पडतात. याची परीक्षा दहा रुपयांत होते. इंजिन बंद, सेफ्टीची दोरी काढलेली, आणि आतल्या हबपासून बाहेरच्या हबपर्यंत व्हाइटनरनं एक सरळ रेघ. चालवून या. रेघ तुटून दोन तुकडे इकडेतिकडे दिसले तर बुश गेला. तशा पंख्यावर हळूहळू काठापर्यंत येता येतं, पण पुरात उतरू नका.

रेघ जागेवर असेल तर बघा, पंखा हवा खातोय का. वरून हवा पात्यांपर्यंत पोहोचली की पकड सुटते आणि आरपीएम एकदम उडतात. वळताना जास्त. बरेच जण यालाही कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये पात्याजवळचा दाब इतका पडतो की गार पाणीच उकळतं. वीज केंद्रात काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल: कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूम असतो, म्हणून तिथे वाफ आणि पाण्याचा खेळ १०० ला नाही, ४५ अंशांच्या आसपास चालतो. पंख्यावरचे ते बुडबुडे फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. पात्यावर असे खड्डे किंवा वाकलेली कड दिसली तर कारण तिथेच आहे.

हवा खाण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा ट्रिम असतं, म्हणजे मोटरचा तिरपा कोन. मोटर बोटीच्या जवळ, आत घेतली की नाक खाली बसतं. बाहेर नेली की नाक वर. सुरुवातीला आत, बोट पाण्यावर उठली की थोडी थोडी बाहेर. नाक वरखाली आपटायला लागलं किंवा इंजिन ओरडलं, तर जास्त झालं, परत आत. मोठ्या मोटरला यासाठी बटण असतं. आपल्या २५-४० हॉर्सपॉवरच्या साध्या मोटरला ब्रॅकेटमध्ये भोकं आणि एक पिन. ती पिन इंजिन बंद करूनच बदलायची. पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या साधारण पातळीत हवी. फळी २० इंचाची आणि मोटर १५ इंचाच्या फळीसाठीची असेल, तर पिन कितीही बदला, पंखा वरच राहणार.

आणि माणसं कुठे बसलीत ते बघा. सगळे मागे बसले की नाक आकाशात, आणि पिनेनं ते सुधारत नाही. भरलेली बोट पाण्यावर उठतच नाही. तिथे ४० टक्के स्लिप हा बिघाड नसून ओझं आहे. सांगलीच्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली, अनेकांचा जीव गेला. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तिथे कुठलाही ट्रिम कामाला आला नसता.

शेवटी जलपर्णी, पन्नी आणि मासेमारीची तंगूस. पन्नी दिसते, तंगूस पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळून लपते आणि सील कापते. पंखा उतरवलाच आहे तर गिअरचं तेलही थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरं आलं तर आत पाणी गेलंय.

तर खापरखेड्याच्या मित्रा, आधी रेघ ओढ, मग पिन बघ, रिकाम्या बोटीचा आकडा वहीत लिही आणि तो आम्हाला व्हॉइस नोटवर पाठव. पंख्याचे पैसे तोपर्यंत खिशातच राहू दे.