कर्नलमधली कुलपं

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)

मंडळींनो, आरत्या आणि सजावटीच्या धामधुमीत कार्यकारिणीने आम्हाला संगणकावर बोलायला उभं केलं, हे धाडसच. आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापुरतं. पण ज्यांनी रेकॉर्डरूममध्ये दिवस काढले, त्यांना विषय जड जाणार नाही.

तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशी लिनक्सचं कर्नल असतं. फाइली सांभाळणं हे त्याचं एक काम. एकाच नोंदीत दोघे एकदम लिहू लागले की नोंद बिघडते. म्हणून आधी किल्ली घ्यायची, काम करायचं, किल्ली परत द्यायची.

१९९६ साली २.० आवृत्ती एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालू लागली, तेव्हा साऱ्या कर्नलला एकच कुलूप होतं, 'बिग कर्नल लॉक'. अख्ख्या कचेरीची किल्ली एका शिपायाच्या कंबरेला! सुरक्षित खरं, पण बाकीचे दारात ताटकळत. हे कुलूप पुरतं निघायला २०११ उजाडलं. कारण त्याला सवलती फार. किल्ली असलेली प्रोसेस झोपली की किल्ली आपोआप परत जाई, जागी झाली की पुन्हा हाती येई. एकीनेच दोनदा घेतली तरी चाले. कोणती ओळ कोणत्या सवलतीवर तगून आहे, हे नुसतं वाचून कळत नसे. कुलूप काढण्याआधी आत काय जपलंय, तेच शोधावं लागे. जुन्या कपाटांची यादी करताना आम्हीही हेच भोगतो.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त आवडते. प्रत्येक फाइलची आणि डिरेक्टरीची 'आयनोड' नावाची नोंद असते: मालक, आकार, तारखा, परवानग्या. गंमत म्हणजे त्यात नाव नसतं. नाव डिरेक्टरीत असतं. आयनोडला स्वतःचं कुलूप होतं, पण शेकडो ठिकाणांहून त्याला थेट हात घातला जाई. २०१६च्या सुरुवातीला अल वीरो यांनी 'आयनोड लॉक' आणि 'आयनोड अनलॉक' ही छोटी फंक्शनं पुढे केली आणि सगळ्यांना त्यांच्याच मार्फत यायला लावलं. कामात फरक शून्य, वेगही तोच. कुणी म्हणेल, मग केलं काय? त्याच वर्षी ४.७ आवृत्तीत आतलं कुलूपच बदललं, आणि बाहेरच्या बहुतेक ओळींना धक्काही लागला नाही!

नवं कुलूप वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडतं, लिहिणाऱ्याला एकट्यालाच. पूर्वी डिरेक्टरीत एक जण डिस्कवरून नाव शोधत असला की दुसरा थांबे. आता दोघे शेजारी बसून शोधतात. स्कॅन केलेले हजारो कागद एकाच डिरेक्टरीत टाकायची कचेऱ्यांची सवय आपण जाणतो, आणि खिडकीबाहेर नकलेसाठी उभा असलेला माणूसही.

फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत हलवणं मात्र अजून नाजूकच. तिथे दोन किल्ल्या लागतात. एकाने ही आधी घेतली, दुसऱ्याने ती, तर दोघे जन्मभर एकमेकांची वाट पाहत बसणार. म्हणून 'लॉक रिनेम' हे फंक्शन क्रम ठरवतं: एक डिरेक्टरी दुसरीच्या पोटात असेल, तर बाहेरचीची किल्ली आधी.