शेजारच्या सणात पहिलं पाऊल



आज आपण जपानमधल्या सणांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना जपानचं काय? सांगते. माझी मामेबहीण सहा वर्षं तिथे राहते, टोकियोच्या उत्तरेला सायतामामध्ये. मागच्या सुट्टीत ती गावी आली होती. तेव्हा तिला मी गटाच्या बैठकीला घेऊन गेले. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि मग बायकांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ती जे बोलली ते तुमच्यापर्यंत पोचवावं असं मला वाटलं.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं म्हणाली. नवरा सकाळी जायचा तो रात्री यायचा. चौथ्या मजल्यावरचं घर, लेक आठ महिन्यांची आणि भाषेचा एक शब्द येत नाही. निशी-कासाई भागात आपली भारतीय माणसं खूप राहतात, पण तो भाग तिच्या घरापासून रेल्वेनं तासभर लांब. दिवाळी आली. जपानमध्ये वर्षाला १६ सरकारी सुट्ट्या, पण दिवाळीची त्यात कशी असणार? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवरा कामावर आणि ही लेकीला मांडीवर घेऊन एका पणतीकडे बघत बसलेली. "ताई, त्या दिवशी मला परत यायचं होतं," म्हणाली.

मग झालं काय? तिथे प्रत्येक वस्तीचं एक मंडळ असतं. मंडळाच्या सूचना एका फायलीत लावून ती फाइल घरोघर फिरवतात. आपण वाचायची, सही करायची आणि शेजारी द्यायची. पुढच्या उन्हाळ्यात ती फाइल हिच्या दारात आली. हिला वाचता येईना, म्हणून तशीच ठेवून दिली. चार दिवसांनी शेजारच्या आजी फाइल शोधत दारात हजर! हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आजी रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर कंदिलाचं चित्र काढलं, खाली तारीख आणि वेळ लिहिली, आणि दोन बोटं चालवून दाखवली. म्हणजे, मी न्यायला येते.

तो ओबोनचा सण होता. बहुतेक भागांत तो १३ ते १६ ऑगस्टला असतो. या दिवसांत पूर्वज घरी येतात असं तिथे मानतात. काही घरांत काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय करतात. घोडा कशासाठी? पूर्वजांनी लवकर यावं म्हणून. आणि गाय? जाताना त्यांनी सावकाश जावं म्हणून! हे ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, आपण नाही का पोळ्याला मातीचे बैल करत?"

ओबोनमध्ये संध्याकाळी मैदानात नाच असतो. मधे उंच लाकडी मचाण, त्यावर ढोल, वर कंदिलांच्या माळा, आणि भोवती रिंगण. म्हाताऱ्या, तरुण पोरी, लहान मुलं सगळी एका रिंगणात. बहीण लेकीला कडेवर घेऊन कडेला उभी होती. आजींनी तिच्या हातात एक पंखा दिला आणि तिला आत ओढलं. पुढच्या बाईकडे बघ, ती करते तसं कर, असं खुणेनं सांगितलं. तीन फेऱ्यांत तिला जमायला लागलं. "ताई, डोळे मिटले असते तर वाटलं असतं, शाळेच्या पटांगणात भोंडला खेळतेय. फक्त मधे हत्ती नव्हता," म्हणाली.

तिथून पुढे येणं-जाणं सुरू झालं. सप्टेंबरमध्ये दिवस आणि रात्र सारखी होते, तेव्हाही ते पूर्वजांची आठवण करतात. आजींनी ओहागी नावाचा पदार्थ आणून दिला. आत चिकट भात आणि बाहेरून बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण. तिथल्या पुष्कळ पदार्थांत सुक्या माशाचं पाणी असतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला विचारूनच खावं लागतं. पण ओहागी हिनं पोटभर खाल्ली. डबा काही रिकामा परत करायचा नसतो. हिनं बेसनाचे लाडू भरून दिले.

३ फेब्रुवारीच्या सुमाराला भाजलेलं सोयाबीन उधळून पीडा घराबाहेर घालवतात, आणि मग आपल्या वयाइतके दाणे खातात. आजींना म्हणे मूठभर खाऊनही हिशेब पुरा होत नाही! ३ मार्चला मुलींसाठी बाहुल्या मांडतात. सण झाला की त्या लगेच आवरायच्या, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं असा समज. चैत्राच्या सुमाराला चेरीची झाडं फुलतात. घरोघरची माणसं डबे घेऊन झाडाखाली बसतात. निघताना कचरा मात्र आपला आपण घरी न्यायचा.

सगळेच दरवाजे उघडे असतात असं नाही. नवं वर्ष तिथे घरच्या माणसांचा सण. रस्ते सुने, बँका बंद. नव्या माणसाला तेव्हा फार एकटं वाटतं. त्या दिवसांत बाईला चुलीपासून सुट्टी मिळावी म्हणून सगळं खाणं आधीच करून डब्यांत भरून ठेवायची रीत आहे. यावर आमच्या मावशींनी लगेच विचारलं, "आणि ते आधी करून ठेवतं कोण?" सगळ्याजणी हसल्या. हल्ली पुष्कळजणी ते विकत आणतात म्हणे. ३१ डिसेंबरच्या रात्री देवळात १०८ वेळा घंटा वाजते, आपल्या जपमाळेत मणी असतात तितक्याच. ती ऐकायला कोणीही जाऊ शकतं, म्हणून बहीण तिथे जाते.

मी तिला विचारलं, परक्या मुलखात जाणाऱ्या पोरीला तू काय सांगशील? म्हणाली, "आपला सण घरात करावाच. पण त्यांच्या सणालाही जावं. काही येत नसलं तरी जावं, पुढच्या बाईकडे बघून हात हलवावा. पण ताई, आजी न्यायला आल्या नसत्या तर मी काही गेले नसते."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण आपल्या गावातही परगावच्या बायका आहेत. ऊसतोडीला आलेल्या आहेत, वीटभट्टीवरच्या आहेत, कोणी परराज्यातून सून होऊन आलेली आहे. आपण त्यांना नुसतं "या हं" म्हणतो, आणि त्या आल्या नाहीत की म्हणतो, त्या मिसळतच नाहीत. यंदाच्या भोंडल्याला, हळदीकुंकवाला आपल्या प्रत्येक गटानं एवढं करू या. अशी एक बाई हेरायची, तिच्या दारात जायचं आणि तिला हाताला धरून रिंगणात आणायचं. गाणं येत नसलं तर राहू दे. फेर धरता आला की पुरे.

आणि येताना तिच्या गावी कोणता सण असतो तेही विचारा. पुढच्या बैठकीत मला सांगा.