दाराबाहेर कोण उभे आहे?

(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा सारांश)



ग्रामदैवताच्या कृपेने व आपणां सर्वांच्या परिश्रमाने आज कळस चढला.

मी आज सहानुभूतीविषयी बोलणार आहे. हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. दुःखिताच्या दारी जाऊन ‘वाईट झाले हो’ म्हटले, की सहानुभूती झाली असे आपण समजतो. ती झाली कीव. सह म्हणजे बरोबर आणि अनुभूती म्हणजे अनुभव. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे जग पाहणे, ही खरी सहानुभूती.

नाथमहाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. देवाचा अभिषेक तेथेच पावला, असे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. पण प्रत्यक्ष वेळ आली म्हणजे?

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. गुरुजींना स्वतःला ते दार उघडेच होते. तरीही दाराबाहेर ताटकळणाऱ्याची वेदना त्यांना आपली वाटली.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ज्या घरात आधीच आभाळ कोसळले आहे, तेथे आपण रीत म्हणून आणखी एक घाव घालतो, एवढे त्या गावाला उमगले. हे उमगणे म्हणजेच सहानुभूती.

आता आपल्या गावाकडे वळू. नवरात्रात या सभामंडपात हळदीकुंकू होईल. त्या वेळी कोणती माउली खांबाआड उभी राहील, हे आपणांस आजच ठाऊक आहे. तिला हाताला धरून पुढे कोण आणणार? स्मरणिकेत देणगीदारांची नावे रकमेसह छापली जातील, ते योग्यच आहे. पण ज्याच्यापाशी रक्कम नव्हती आणि ज्याने रोजगार बुडवून चार दिवस दगड वाहिले, तो ती यादी वाचील तेव्हा त्याला काय वाटेल? म्हातारीला चढवेल अशी पायरी आहे काय? शेतातून दमून आलेल्या सुनेला घरात कोणी पाण्याचा तांब्या पुढे करतो काय?

याला पैसा लागत नाही. बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि ‘मी तिच्या जागी असतो तर?’ एवढे मनाला विचारावे.

देऊळ उत्तम झाले आहे. त्याच्या दाराबाहेर कोणी अवघडून उभे राहणार नाही, एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, अशी हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.