धूर गेला कुठे?

विरारमध्ये विजेवर चालणारं पहिलं वाहन कधी आलं असेल? परवा आमच्या सोसायटीच्या सभेत मी हाच प्रश्न विचारला. कोणी म्हणालं पाच वर्षांपूर्वी, कोणी म्हणालं सात. मी म्हटलं, १९३६ साली. सगळे हसले. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. त्या साली बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेच्या तारा आल्या आणि विजेवरची लोकल आपल्या स्टेशनात येऊन उभी राहिली.

सभेचा विषय मात्र लोकल नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळावा असा त्याचा अर्ज होता आणि आमच्या सेक्रेटरींचा त्याला विरोध होता. त्यांची भीती खोटी नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेच वसईत, घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा त्यात भाजून दगावला. ही बातमी आमच्यापैकी कोणीच विसरलेलं नाही.

अर्ज नामंजूर होणार अशीच चिन्हं होती. मी त्या तरुणाला सहज विचारलं, "मग आता बॅटरी कुठे चार्ज करतोस रे?" तो म्हणाला, "काढून वर नेतो, काका. रात्री हॉलमध्ये लावतो. आई-बाबा तिथेच झोपतात." सभा गप्प झाली. पॉइंट नाकारून आम्ही धोका टाळत नव्हतो. पार्किंगमधला धोका त्याच्या आई-बाबांच्या उशाशी नेऊन ठेवत होतो, एवढंच.

विजेवरच्या वाहनांबद्दल आज जे बोललं जातं, त्यातही मला हीच गफलत दिसते. या गाडीला धूर नाही, असं आपण म्हणतो. गाडीच्या मागे उभं राहून पाहिलं तर ते खरंच आहे. मग धूर गेला कुठे?

विरारहून डहाणू लोकल पकडा. ही सेवा २०१३ साली सुरू झाली. डहाणूला उतरून किनाऱ्याकडे गेलात की औष्णिक वीज केंद्राची पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी दिसेल. ५०० मेगावॉटचं हे केंद्र १९९५-९६ च्या सुमारास सुरू झालं. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते, धूर मात्र चिकूच्या बागांच्या प्रदेशात निघतो. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला होता. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तिथे खास प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवा, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ साली दिला. ती प्रत्यक्ष सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. एका चिमणीचा धूर धुऊन घ्यायला आठ वर्षं लागली!

आपल्या विरारची वीज महावितरणची. तीही मोठ्या प्रमाणात कोळशाचीच. फक्त तो कोळसा चंद्रपूर, कोराडी अशा लांबच्या गावी जळतो. त्यातच जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली. इकडे स्वच्छ गाडीला प्रोत्साहन आणि तिकडे तिच्या विजेच्या धुराला सवलत, असा हा कारभार आहे.

मग विजेची स्कूटर घेऊच नये का? तसं नाही. थोडा हिशेब करू. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची स्कूटर दर किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. तेवढ्याच अंतरासाठी विजेच्या स्कूटरला साधारण ३५ वॅट-तास वीज लागते. आज देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर वायू निघतो. म्हणजे किलोमीटरला २५ ग्रॅम. बॅटरी बनवतानाच बराच कार्बन हवेत गेलेला असतो, तो फिटायला आधी काही हजार किलोमीटर धावावं लागतं. एकूण फायदा आहे, गल्लीतल्या मुलांच्या फुफ्फुसांना तर नक्कीच आहे. पण निम्मं म्हणजे शून्य नव्हे, एवढं लक्षात ठेवावं.

आता धोरणाचं पाहू. महाराष्ट्राचं २०२१ चं धोरण होतं, त्यानंतर २०२५ चं आलं. २०३० पर्यंत नव्या वाहनांपैकी ३० टक्के विजेवरची असावीत, हे त्याचं उद्दिष्ट आहे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोलमाफी आहे. बसचं ठीक आहे. पण एकटा माणूस घेऊन जाणारी मोटार विजेची असली म्हणून रस्त्यावरची तिची जागा कमी होत नाही. सकाळी विरारला फुटबोर्डावर लटकणाऱ्याला या माफीचा काय उपयोग? बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं नेते आणि नव्या गाड्या ब्रेक लावताना काही वीज तारेत परतही करतात. केंद्राच्या २०२४ च्या योजनेत १४,०२८ विजेच्या बससाठी पैसा ठेवला आहे. मला विचाराल तर पहिला मान अशा वाहनांचा.

उरली बॅटरी. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य विल्हेवाट लावणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. तेव्हा चार पैशांसाठी ती भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. नाही तर ती कुठल्या तरी खाडीकाठच्या झोपडीत फोडली जाईल आणि तिथलं मूलही कोणाचं तरी मूलच असेल.

आमच्या सभेत शेवटी ठराव झाला. गेटजवळ, जिन्यापासून दूर, मोकळ्या हवेत पॉइंट द्यायचा. स्वतंत्र मीटर, चांगल्या प्रतीची वायरिंग, कंपनीचाच चार्जर. रात्रभर लावून ठेवायचं नाही; जमेल तेव्हा दिवसा चार्ज करायचं, कारण सौर वीज तेव्हाच असते. सेक्रेटरींनी स्वतः सूचना मांडली. त्याच रात्रीपासून त्या तरुणाच्या हॉलमधली बॅटरी खाली आली.

चिमणीचा प्रश्न आमच्या सोसायटीच्या ठरावाने सुटणारा नाही. पण तिचा धूर आपल्याच दिव्यांचा आणि आता आपल्याच गाड्यांचाही आहे, हे मान्य केलं तर तो धुऊन घ्या असं सरकारला सांगण्याचा हक्क आपल्याला येतो. तो आपण बजावायला हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)