गच्चीवरून दिसणारे डोंगर आणि त्यांच्या वाटा

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीतील एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत आणि विषय आहे ‘आपल्या परिसरातल्या डोंगरवाटा’. तरुण मंडळाचा जुलैत भर पावसात कलावंतीणला जायचा बेत आहे, हे मला माहीत आहे. काही आयांचा त्याला विरोध आहे, हेही कानावर आलंय. त्यावर माझं म्हणणं शेवटी सांगतो. आधी जरा डोंगराकडे बघू.

आपल्या गच्चीवर उभं राहिलं की पश्चिमेला कर्नाळ्याचा अंगठा दिसतो, दक्षिणेला माणिकगड, आणि उत्तरेकडे वळलं की प्रबळगड, कलावंतीण, इर्शाळ आणि त्यांच्या मागे माथेरान. पंचवीस वर्षं आपण यांच्याकडे पाहत कपडे वाळत घालतोय. पण एक गोष्ट नीट पाहा. हे डोंगर गोल टेकाडासारखे नाहीत. उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. बिल्डिंगच्या मजल्यांसारखे.

आणि खरोखरच ते मजले आहेत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा शंकूच्या टोकातून उडालेला नव्हे, तर उतू गेलेल्या दुधासारखा पसरलेला. एक थर आला, थंड झाला. मध्ये काही काळ गेला, त्यावर दुसरा आला. सह्याद्रीत असे थरावर थर चढले, काही ठिकाणी दोन हजार मीटरच्याही वर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या काळ्या दगडाखाली आहे. भूगर्भशास्त्रात याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि ‘ट्रॅप’ हा शब्द ज्या स्वीडिश शब्दावरून आला त्याचा अर्थ जिना असा आहे. गंमत म्हणजे यातल्या थरांच्या गटांना नावं दिली आहेत ती आपल्याच भागातली: नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. जगभरचे अभ्यासक ‘नेरळ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माथेरानची गाडी नसते, दगड असतो!

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. त्याचा कडा होतो. वरचा भाग मात्र सच्छिद्र असतो, कारण लाव्ह्यातली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि तिथेच अडकते. असा दगड लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो, आणि तिथे सपाटी तयार होते. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडा मातकट पट्टाही दिसतो. बुडबुड्यांच्या त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, कधी हिरवट स्फटिक धरले. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हा असे खडे भरपूर निघाले. ती लाइन १८६३ साली सुरू झाली.

आता ठाकर-कातकऱ्यांचे आणि जुन्या गडकऱ्यांचे शब्द आठवा. कडा, पदर, माची, सोंड, नाळ, खिंड, घसारा. भूगर्भशास्त्राचं एक पान न वाचता या लोकांनी प्रत्येक भागाला नाव देऊन ठेवलंय. मऊ थराच्या सपाटीला पदर किंवा माची. उभ्या भेगेत दगड झिजून घळ झाली की नाळ, आणि वाट बहुतेक तिथूनच वर चढते. म्हणजे वाट कुणी मनाला येईल तशी आखलेली नाही. पदरावरून आडवी जायची, नाळेतून किंवा सोंडेवरून वर चढायची, पुन्हा पदरावर. माणिकगडाला वाशिवलीहून जाताना हे फार छान कळतं. पहिला चढ संपून पठारावर आलात, म्हणजे तुम्ही एका थराच्या डोक्यावर उभे आहात.

सुळक्यांचंही तसंच. कर्नाळ्याचा अंगठा, इर्शाळचं टोक म्हणजे आजूबाजूचं सगळं झिजून गेल्यावर उरलेला कठीण भाग. लाव्हा थंड होताना आकसतो, उभे तडे जातात, आणि दगडाचे खांबांसारखे तुकडे पडतात. अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहिलं असेल तर मी काय म्हणतो ते लक्षात येईल. (कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. परफ्यूम मारून जाऊ नका, हे जाता जाता.)

आता पाणी. इथे मी तुम्हाला तुमच्याच ओळखीची गोष्ट सांगतो. गच्चीच्या लीकेजवर आपल्या किती सर्वसाधारण सभा झाल्या? पाणी शिरतं एकीकडे आणि गळतं दोन खोल्या सोडून, स्लॅबच्या सांध्यात. तुमचं म्हणणं ‘वरच्यांचं’, वरच्यांचं म्हणणं ‘गच्चीचं’. डोंगरातही हेच होतं. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, पुढचा घट्ट थर लागला की अडतं, आणि त्या सांध्यातून आडवं बाहेर येतं. झरे बरेचदा एकाच उंचीवर सापडतात ते यामुळे. जुन्या लोकांनी हे ओळखलं आणि कातळात टाकी खोदली. कर्नाळ्यावर, माणिकगडावर ती आजही आहेत. कोंडाण्याची लेणी खोदणाऱ्यांनी तर दोन हजार वर्षांपूर्वी हा दगड वाचला होता, कुठे छिन्नी चालेल आणि कुठे नाही ते.

घाटाची ही पायरी आपल्या रोजच्या आयुष्यातही आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खोपोलीला खाली सोडून टाटांनी १९१५ साली वीज काढायला सुरुवात केली. वीज काढून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेत येतं. आपली नदी मे महिन्यातही वाहते आणि इथे कारखाने उभे राहिले, त्यामागे ही उंची आहे.

पण स्लॅबच्या सांध्यात पाणी मुरतं तेव्हा नुसती गळती होत नाही. प्लॅस्टर फुगतं आणि एक दिवस खाली येतं. डोंगराच्या पदरावर आणि उतारावर माती-मुरमाचा जाड थर असतो, खाली घट्ट कातळ. सलग तीन-चार दिवस पाऊस झाला की मधला भाग पाण्याने भरतो. वरची माती जड होते आणि तिची पकड सुटते.

१९ जुलै २०२३ ची रात्र तुम्ही कुणीच विसरला नसाल. इर्शाळवाडी अशाच एका पदरावर होती, डोक्यावर इर्शाळचा डोंगर. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. गाडीरस्ता नसल्यामुळे मदत करणारे सगळे चालत वर गेले. आपल्यातलेही काही चौकपर्यंत चादरी आणि धान्य घेऊन गेले होते. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. त्याआधी २०१४ साली माळीण, २०२१ साली तळीये. तिन्ही वेळा जुलै महिना.

ट्रेकला जाणाऱ्यांनी इर्शाळवाडीत अनेकदा चहा प्यायलेला आहे, पिठलं-भाकरी खाल्लेली आहे. म्हणून तिथे आता रील काढायला जाणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. बोललो तर तोल जाईल.

तर आता बेताबद्दल. आयांचं म्हणणं आहे, पोरांना डोंगरावर पाठवूच नका. ते मला पटत नाही. ज्या मुलांना डोंगर माहीत नाही, तीच पुढे मित्रांबरोबर धबधब्याखाली जाऊन उभी राहतात. आणि तरुण मंडळाचं म्हणणं आहे की जुलैतच मजा. तेही मला पटत नाही. कलावंतीणच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत, कठडा नाही, आणि ओल्या शेवाळावर बुटांचा ब्रँड चालत नाही. वर रविवारची गर्दी. पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं ते आपल्याला त्रास द्यायला नव्हे.

माझा प्रस्ताव असा. यंदाचा ट्रेक दिवाळीनंतर, माणिकगडला. पाऊस उघडलेला असतो, गवत पिवळं पडायला लागतं, आणि थर स्पष्ट दिसतात, जे जुलैच्या धुक्यात दिसतच नाहीत. पहाटे निघायचं, वाशिवलीतून वाटाड्या घ्यायचा आणि त्याला योग्य पैसे द्यायचे, घासाघीस नाही. जेवण वाडीतच सांगायचं. पाणी प्रत्येकी किमान तीन लिटर. पावसाळ्यात जायचंच असेल तर एक नियम लिहून घ्या: दोन दिवस सलग जोराचा पाऊस झाला असेल तर उताराखालची वाट आणि ओढा दोन्ही वर्ज्य. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा वाहता झरा एकदम आटला, तर फोटो न काढता बाजूला व्हायचं आणि वाडीतल्या लोकांना सांगायचं.

नावं सेक्रेटरींकडे द्या. वय दहाच्या पुढे, आई-वडिलांपैकी एकजण सोबत. सी विंगच्या आजोबांनी मला विचारलंय की त्यांना चालेल का. पहिल्या पठारापर्यंत नक्की चालेल, आजोबा. तिथून खाली नदी दिसते आणि नीट पाहिलं तर आपली पाण्याची टाकीही.