मुलाच्या ‘का?’ला उत्तर देताना

(गोंडपिपरी येथे प्राथमिक शिक्षक व कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा मी तुम्हांला वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. अशा दिवसांत एखादे मूल विचारते, “गुरुजी, माठातले पाणी गार का होते?” ‘माती थंड असते’ असे सांगून आपण मोकळे होतो. मुलाचे तोंड बंद होते. प्रश्न तसाच राहतो.

त्याऐवजी माठाशेजारी पाण्याने भरलेली स्टीलची कळशी ठेवावी. माठातले पाणी गार, कळशीतले कोमट, हे मूल हात लावून पाहील. मग कळशीला ओले फडके गुंडाळावे आणि ते ओलेच ठेवावे. आता माती नसूनही कळशी गार होऊ लागते! म्हणजे गारवा मातीचा नव्हे. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. श्रावणात हवा दमट असल्याने वाफ कमी होते, म्हणून माठही तितका गार होत नाही. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागली नाही. लागला तो एकच प्रश्न: ज्याला आपण कारण समजतो, ते नसताना काय घडते?

हाच प्रश्न मांत्रिकाच्या बाबतीत विचारा. साप चावलेला माणूस मंत्राने वाचला म्हणतात. मंत्र नसता तर? आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचले जातेच असे नाही. अशी माणसे मंत्राविनाही जगतात. परंतु नाग, मण्यार, घोणस वा फुरसे यांचे विष भिनले असेल, तर मंत्रात गेलेला वेळ जिवावर बेततो. तेथे रुग्णालयातील सर्पविषावरची लसच हवी.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, भानामतीच्या संशयावरून दलित वृद्ध स्त्रीपुरुषांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झाला होता. ज्या गावात कोणावर असा संशय नाही, तेथे माणसे आजारी पडत नाहीत काय, एवढा साधा प्रश्न त्या जमावात कोणी मोठ्याने विचारला असता तर?

शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली ग्रामीण शाळांतील मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला ती पत्राने प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. पण गावागावांत सवालीराम होण्यास शासनाची परवानगी लागत नाही.

वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी जोपासणे हे १९७६ पासून राज्यघटनेने नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. ते प्रथम आपल्याला लागू आहे. आपल्या अभ्यासवर्गांतही आपण तयार उत्तरेच वाटत आलो, हे कबूल केले पाहिजे. “मला ठाऊक नाही, चल, करून पाहू,” असे मुलापुढे म्हणण्यात कमीपणा नाही. माठाविषयी ‘का?’ विचारू दिलेले मूलच उद्या मांत्रिकाला, सावकाराला, पुढाऱ्याला, आणि वेळ आली तर आपल्यालाही, ‘का?’ विचारील. समाजवादाला असाच नागरिक हवा आहे.