वस्तानचा मूषक
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आपण बहुतेक खानदेशातली माणसं. गावाकडे विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास. त्यानंतर काय झालं, त्याचा पुरावा आपल्या पांडेसऱ्याजवळच आहे. सुरतेच्या ईशान्येला चाळीसेक किलोमीटरवर, मांगरोळ तालुक्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे.

लिग्नाइट म्हणजे दबलेलं दलदलीचं जंगल. काळ इओसीन, सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचा. हिमालय अजून उभा राहिलेला नव्हता. समुद्राकाठच्या त्या रानात वटवाघळं होती, साप होते, माकडांच्या गोतातले लहानखुरे प्राणी होते. सालाच्या कुळातल्या झाडांची राळ गळायची आणि त्यात किडे अडकायचे. असे सातशेहून जास्त किडे-कोळी मिळाल्याचं २०१० साली जाहीर झालं.

इथल्याच एका प्राण्याचं नाव २००५ साली 'कॅम्बेथेरियम' ठेवलं, म्हणजे खंभातचा पशू. मेंढीएवढा, घोडा आणि गेंडा यांचा चुलता म्हणा. या दोघांचं कूळ भारत बेट असताना इथेच उगवलं असावं, असं संशोधकांनी २०२० साली मांडलं.

आणि बाप्पांच्या मांडवात सांगायलाच हवं असं एक. वस्तानला खारीच्या वळणाचा एक कुरतडणारा प्राणी सापडला. २००८ साली त्याचं नाव ठेवलं 'मेल्डिमिस मुसक'. मुसक म्हणजे आपला मूषकच! हत्तीचे पूर्वज तेव्हा आफ्रिकेत होते. बाप्पांआधी वाहन हजर.

ही हाडं मिळतात ती लिग्नाइटच्या थरांमधल्या चिकणमातीत. खाणीच्या हिशेबात ती माती म्हणजे अडथळा. उपसून बाजूला टाकायची. खाण नसती तर हाडं दिसलीच नसती, हेही खरं. पण मशीन थांबत नाही, आणि वेचणारे हात थोडे. आपल्या मिलांचे बॉयलरही कोळसा-लिग्नाइटवरच पेटतात, त्या वाफेवर इथली घरं चालतात. म्हणून खाण बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. निदान काय उपसलं जातंय ते आपल्या मुलांना ठाऊक असावं.

पुढच्या वर्षीच्या देखाव्यासाठी आम्ही हाच विषय सुचवतो. मूषक मात्र खारीसारखा करावा लागेल.